‘लाइट आहे का?’ नव्हे, ‘लाइट किती आहे?’



विहिरीवर मोटर चालेना झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : “लाइट आहे का?” मग कोणीतरी खिशातला टेस्टर काढतो, ग्रिपेला लावतो, आतला दिवा मिणमिणतो आणि निकाल जाहीर होतो, “हाय की लाइट! मोटरच गेली असंल.” मोटर विहिरीतून वर येते, गाडीत पडते, तालुक्याच्या गावी वाइंडिंगवाल्याकडे जाते. चार-आठ दिवस ऊस पाण्यावाचून उभा राहतो. पुष्कळदा मोटरीला काहीही झालेले नसते. तीन फेजांपैकी एक आलेली नसते, किंवा आलेली असूनही निम्मीच आलेली असते. टेस्टर खोटे बोलला नाही. आपण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. ‘लाइट आहे का’ हा अर्धा प्रश्न आहे. ‘किती आहे, आणि कुठून कुठे आहे’ हा पुरा प्रश्न. तो विचारण्याचे साधन म्हणजे मल्टिमीटर. वायरमन मंडळी त्याला नुसते ‘मीटर’ म्हणतात. बिलाच्या मीटरशी त्याची गल्लत करू नये.

या लेखात आम्ही हे साधन कसे वापरावे, त्याच्या आकड्यांचा अर्थ काय, आणि त्याने काय कळत नाही, हे क्रमाने सांगणार आहोत. उदाहरणासाठी आम्ही घाटाखालचे शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके घेतले आहेत. “तिकडे ऊस कुठला?” असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. तिथले मुख्य पीक भात, वरकस जमिनीवर नागली-वरई आणि पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भेंडी-भाजीपाला. तरीही वायरिंगचा धडा घ्यायचा तर तो तिथूनच घ्यावा, आणि त्याला कारण आहे.

घाटाखालचे पाणी, घाटावरचे पाट

माळशेज घाट उतरला की मुरबाड तालुका लागतो आणि कसारा घाट उतरला की शहापूर. सह्याद्रीच्या पायथ्याला असल्यामुळे या दोन्ही तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारे भातसा आणि तानसा हे जलाशय शहापूरकडचेच. विजेचेही तसेच. घाटघर उदंचन प्रकल्पाचे वरचे धरण अकोले तालुक्यात, तर खालचे धरण शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २५० मेगावॅट आहे.

एवढी वीज जिथे तयार होते तिथल्या पाड्यावरच्या घरात मात्र आषाढात भिंतीला हात लावला तर झिणझिण्या येतात. कौलातून ठिबकणारे पाणी, ओली कुडाची किंवा विटांची भिंत, खांबापासून घरापर्यंत झाडाच्या फांद्यांना घासत आलेली सर्व्हिस वायर आणि खिळ्याला गुंडाळलेले जोड, अशी तिथली परिस्थिती. कोरड्या हवेत वर्षानुवर्षे लपून राहणारा दोष तिथे पहिल्या सरीतच उघडा पडतो. म्हणून वायरिंगची परीक्षा पाहायची तर ती शहापूर-मुरबाडच्या पावसातच.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या पूर्व भागात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, म्हणून आपण निर्धास्त. पण ऊस म्हणजे काय? ऊस म्हणजे बारमाही पावसाळा. रात्रीच्या पाळीला अनवाणी, घोटाभर चिखलात, ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबणारा आपला माणूस आणि आषाढातल्या ओल्या भिंतीला टेकलेला मुरबाडचा माणूस, विजेच्या दृष्टीने दोघे सारखेच. कातडी कोरडी असली की ती विजेला बराच अडथळा करते. ओली झाली की अंगाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला हजाराने भागा : २३० मिलिअँपिअर. जीव वाचवण्यासाठी बसवलेला गळती-रोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरला तुटावा असा केलेला असतो. यावरून २३० म्हणजे काय ते समजावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली. एखादा मोठा गावच म्हणा ना!

टेस्टर का पुरत नाही?

टेस्टर टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. पण त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. टेस्टरातला दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर पेटतो. त्यामुळे तो ९० व्होल्टलाही पेटतो आणि २३० लाही पेटतो. किती ते सांगत नाही. न्यूट्रल तुटली आहे का, हे तो सरळ सांगत नाही. शेजारून जाणाऱ्या वायरीच्या प्रभावाने मेलेल्या वायरीवरही तो कधी मिणमिणतो. उलट भर उन्हात विहिरीवर उभे असताना पेटलेला दिवा दिसतच नाही, आणि कोरड्या फळीवर रबरी चपला घालून उभे असाल तर तो नीट पेटतही नाही. थोडक्यात, पेटला तर ‘सावध’ एवढाच त्याचा अर्थ. नाही पेटला म्हणून ‘लाइट नाही’ असे समजून हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

मीटरची ओळख

एकाच पेटीत तीन मापे मोजण्याची कल्पना शंभर वर्षांची आहे. विलायतेतल्या पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकॅडी नावाचे एक अभियंता होते. टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायला तीन-तीन यंत्रे वागवून ते कंटाळले आणि त्यांनी अँपिअर, व्होल्ट व ओहम एकाच यंत्रात आणले. १९२३ साली ते ‘ॲव्हो’ या नावाने बाजारात आले. आता लांब विलायतेला पाहायची गरज नाही. कसारा घाट चढून गेले की नाशिकला आणि खाली नवी मुंबईत महापे येथे मल्टिमीटर बनवणारे कारखाने आहेत.

मीटरला दोन वायरी असतात. काळी कायम ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. तिसरे, अँपिअरचे भोक असते. त्यात लाल वायर ठेवून चुकूनही व्होल्ट मोजायला जाऊ नये. त्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच असते. ती फेज-न्यूट्रलला लावली की थेट शॉर्ट सर्किट, आणि मीटर हातात फुटतो. प्रवाह मोजायचा असेल तर वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर वापरावा. वायर तोडायची गरज पडत नाही.

मधल्या बटणावर मुख्य तीन जागा लक्षात ठेवल्या तरी आपले काम भागते. नागमोडी रेघेची व्होल्टची खूण म्हणजे एसी, खांबावरून येणारी वीज. सरळ रेघेची खूण म्हणजे डीसी, बॅटरीची किंवा सौर पॅनलची. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे ओहम, आणि तिच्याजवळच आवाजाची खूण असते. तार सलग असेल तर मीटर ‘पीं’ करतो. ओहम आणि ‘पीं’ फक्त वीज बंद असतानाच वापरायचे. काट्याचा मीटर असेल तर नेहमी सर्वांत मोठ्या पट्ट्यापासून सुरुवात करून मग खाली यावे.

हात लावण्याआधी

इथे आम्ही थोडे करडे बोलणार आहोत. वायरिंग बदलणे, नवे जोडणे हे परवानाधारक माणसाचे काम. खांबावर चढणे आणि रोहित्राच्या, म्हणजे आपल्या बोलीत डीपीच्या, पेटीत हात घालणे हे महावितरणच्याच माणसाचे काम. “आमचा पोऱ्या चढतो की, काय होत नाय” हे वाक्य पुष्कळ घरांत शेवटचे ठरले आहे. डीपीवर दोष असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि वाट पाहावी. आपली हद्द आपल्या मेन स्विचपासून पुढे.

त्या हद्दीतही क्रम असा ठेवावा. आधी स्टार्टर बंद. मग मेन स्विच खाली. मग तिन्ही ग्रिपा काढून स्वतःच्या खिशात. मेन स्विचवर ठेवायच्या नाहीत, खिशातच ठेवायच्या. कारण “दादा, लाइट आली का बघतो हां,” असे म्हणत ग्रिपा परत बसवणारा कोणीतरी हमखास येतो. एवढे करूनही मेन स्विचच्या वरच्या, म्हणजे खांबाकडून येणाऱ्या, बाजूला वीज कायम असते हे विसरू नये.

आता मीटरची तीन टप्प्यांची रीत. पहिला टप्पा, जिथे वीज आहे हे नक्की माहीत आहे तिथे मीटर लावून तो चालतो हे पाहा. दुसरा, ज्या ठिकाणी हात घालायचा आहे तिथे मोजा : फेज-फेजमध्ये तीन वेळा, प्रत्येक फेज आणि अर्थमध्ये तीन वेळा, असे सहा आकडे. तिसरा, पुन्हा पहिल्या जागी जाऊन मीटर अजून चालतो आहे ना ते पाहा. मधल्या वेळात मीटरची वायर तुटली किंवा सेल संपला, तर ‘शून्य’ हा आकडा खोटा असतो. खोटा शून्य हा सर्वांत घातकी आकडा. या रीतीला दोन मिनिटे लागतात. कारखान्यांच्या विद्युत विभागांत हीच रीत पाळली जाते, मग शेतावर ती जास्तच पाळायला हवी, कारण तिथे पायाखाली रबरी चटई नसते.

मीटर विकत घेताना त्यावर ‘कॅट तीन, ६०० व्होल्ट’ असा शिक्का आहे का ते पाहावे. पायात कोरड्या रबरी चपला, पायाखाली कोरडी फळी, वायरीच्या टोकांना बोटे न लावता पाठीमागच्या कडेला धरणे, पावसात अजिबात न मोजणे, हे सांगायला नकोच.

घरातले तीन आकडे

आता घरापासून सुरुवात करू. तीन पिनांचे सॉकेट समोर धरले, मोठे भोक वर, तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरचे अर्थ. अर्थात तसे ‘असायला हवे’. प्रत्यक्षात काय आहे ते मीटर सांगेल. तीन आकडे घ्या आणि पाटीवर लिहा.

फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट आला, तर वरवर सर्व ठीक.

न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ शून्य आला, तर वायरी उलट्या जोडल्या आहेत. उपकरण चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण स्विच बंद केला तरी उपकरणात वीज उभी राहते.

फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही शंभराच्या मागे-पुढे लोंबकळत असतील, तर अर्थची वायर कुठेच जोडलेली नाही. वरचे भोक केवळ शोभेचे. मुरबाडकडच्या जुन्या घरांत काय किंवा आपल्या वस्त्यांवर काय, अशी शोभेची भोके मोजायला बसले तर संध्याकाळ होईल.

एका घरातले दिवे भगभगीत आणि शेजारच्या घरातले मंद दिसू लागले, तर लगेच फेज-न्यूट्रल मोजा. एकीकडे ३०० आणि दुसरीकडे १३० असे काही दिसले तर समजा, न्यूट्रल तुटली आहे. तत्काळ मेन स्विच खाली करा आणि शेजाऱ्यालाही सांगा. टीव्ही, फ्रिज, मोबाइलचे चार्जर सगळे एका फटक्यात जाते ते याच दोषाने. वादळी पावसानंतर हा दोष जास्त आढळतो.

दिवा बदलताना शॉक बसतो अशी तक्रार असेल तर बहुधा स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर आहे. स्विच बंद असताना होल्डर आणि अर्थ यांच्यात २३० दाखवले की खात्री पटली. हे मोजमाप वायरमनकडून करून घ्यावे. होल्डरच्या दोन पिना जवळजवळ असतात, टोक घसरले की शॉर्ट होते. आणखी एक, वायरीच्या रंगावर विसंबू नये. काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थ हा नियम खरा, पण बंडलातली उरलेली जी वायर हाती लागेल ती ओढण्याची आपली रीतही खरीच.

विहिरीवरचे तीन आकडे

मोटरीच्या पाटीवर ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. सहा टक्के वर-खाली, म्हणजे ३९० ते ४४० पर्यंत मोटर सुखाने चालते. मोजायचे ते फेज-फेजमध्ये : लाल-पिवळी, पिवळी-निळी, निळी-लाल.

व्होल्टेज उतरले की काय होते? मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ ऐवजी ३५० मिळाले तर व्होल्टेज सोळा टक्के कमी झाले असे वाटते, पण सुरू होतानाची ताकद एकाहत्तर टक्क्यांवर येते. पाणी तर तेवढेच उचलायचे आहे, मग मोटर जादा करंट ओढते, तापते आणि वाइंडिंगचा रोगण जळतो. बैल तोच आणि ओझेही तेच. दाणावैरण तेवढी घटली.

तीन आकडे सारखे नसणे हे त्याहून वाईट. हिशेब सोपा आहे. समजा ४००, ४१० आणि ३९० आले. सरासरी ४००. सरासरीपासून सर्वांत जास्त फरक १०. दहा भागिले चारशे, म्हणजे अडीच टक्के असमतोल. एक टक्क्याच्या आत असावा, पाच टक्क्यांच्या पुढे मोटर चालवूच नये. कारण व्होल्टेजमधला एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा टक्क्यांचा होतो. आता दुसरे आकडे घ्या : ४०५, ३९५, ३४०. सरासरी ३८०, फरक ४०, असमतोल साडेदहा टक्के. टेस्टर तिन्ही ग्रिपांवर छान पेटेल. “लाइट हाय!” आणि मोटर मात्र दोन तासांत धूर सोडेल. टेस्टरला जे दिसत नाही आणि मीटरला दिसते ते हेच.

इथे एक फसगत ध्यानात ठेवावी. मोटर चालू असताना एखादी फेज गेली तर मोटर घरघरत, गरम होत, पण फिरत राहते. अशा वेळी ती स्वतःच गेलेल्या फेजवर व्होल्टेज उलट तयार करते. मोटरीच्या टोकाशी मोजले तर तिन्ही फेज जवळजवळ ठीक दिसतात. म्हणून व्होल्टेज एकदा मोटर बंद असताना मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मोजावे, आणि मोटर चालू असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांचा करंट पाहावा. करंट खोटे बोलत नाही. दोन फेज जोरात आणि एक शून्य दिसली की मोटर त्याच क्षणी बंद.

सैल जोड शोधण्याची एक नामी युक्ती जाणकार वायरमन वापरतात. मोटर चालू असताना एकाच ग्रिपेच्या वरच्या आणि खालच्या टोकांत व्होल्ट मोजायचे. जोड चांगला असेल तर जवळजवळ शून्य. समजा तिथे दोन व्होल्ट दिसले. पाच हॉर्सपॉवरची मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. दोन गुणिले साडेसात, म्हणजे पंधरा वॅट उष्णता त्या एका ग्रिपेत कोंडते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे छोटे सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचे असते, आणि ते शिसे वितळवते! ग्रिप काळी का पडते, याचे उत्तर यात आहे. हे मोजमाप चालू विजेवर असल्याने सभासदांनी स्वतः करू नये, करवून घ्यावे.

मोटर वर काढण्याआधी वाइंडिंगही तपासता येते. वीज पूर्ण बंद, ग्रिपा खिशात, मोटरीची केबल स्टार्टरमधून सोडवलेली. आधी मीटरच्या दोन टोकांना एकमेकांना लावून येणारा आकडा लिहून घ्या, तो वजा करायचा असतो. मग केबलच्या तीन वायरींत दोन-दोन अशा जोड्या लावून ओहम पाहा. तिन्ही आकडे सारखे आले तर वाइंडिंग तुटलेले नाही. एक जोडी वेगळी दिसली तर दोष आहे. स्टार-डेल्टाची सहा वायरी असलेली मोटर असेल तर प्रत्येक गुंडाळीची दोन टोके ओळखून तीन जोड्या लावाव्यात. शेवटी प्रत्येक वायर आणि मोटरीचे लोखंड यांच्यात पाहा. तिथे मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये.

मीटरने काय कळत नाही

हातात मीटर आला की सगळे कळते, असा समज झाला तर तो टेस्टरपेक्षाही घातक. म्हणून तीन गोष्टी स्पष्ट सांगतो.

एक, गळती. मल्टिमीटर ओहम मोजतो तो आपल्या लहानशा सेलच्या दोन-चार व्होल्टवर. वायरीचे ओले, चिरलेले कवच एवढ्या व्होल्टला दाद देत नाही, चांगलेच दिसते. पण ४१५ व्होल्ट आले की तिथूनच वीज गळते. शहापूरच्या ओल्या भिंतीतला किंवा आपल्या बोअरमधल्या केबलच्या जोडातला दोष म्हणून मल्टिमीटरला सापडेलच असे नाही. त्यासाठी पाचशे व्होल्ट देणारा मेगर लागतो. मीटरने ‘जोड आहे’ म्हटले तर दोष नक्की. मीटरने ‘जोड नाही’ म्हटले तर दोष नाही असे मात्र नक्की नाही.

दोन, अर्थिंग. फेज-अर्थ २३० दाखवले म्हणजे अर्थिंग उत्तम, असे पुष्कळ जण समजतात. डिजिटल मीटर इतका थोडा प्रवाह घेतो, की गंजून गेलेल्या, सुकलेल्या अर्थमधूनही तो २३० दाखवील. खरा दोष झाला की मात्र त्या अर्थमधून पुरेसा प्रवाह जाणार नाही आणि फ्यूज उडणार नाही. अर्थचा कस पाहायला खुंट्या ठोकून मोजणारा अर्थ टेस्टर वेगळा असतो. आपल्या मुरमाच्या आणि कातळाच्या जमिनीत चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात कोळसा-मीठ आहे ना ते पाहणे आणि उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालणे, हे काम तरी कोणत्याही यंत्रावाचून होते.

तीन, भुताटकीचे व्होल्टेज. शेजारच्या चालू वायरीच्या प्रभावाने मेलेल्या वायरीवर डिजिटल मीटर कधी ४०, कधी ८० असा आकडा दाखवतो. साधा दिवा लावला की तो आकडा नाहीसा होतो. हे भूत की खरा शॉक, याचा निवाडा जाणकारावर सोपवावा. तोवर वीज आहे असेच धरून चालावे.

ऑटो स्विच आणि कपॅसिटर

रात्री-बेरात्री लाइट येते, उठून जायचा कंटाळा, म्हणून ऑटो स्विच बसवण्याची चाल पडली आहे. शेतकऱ्याची अडचण आम्हाला कळते. पण त्याचे दोन तोटे आहेत. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, सुरुवातीचा प्रचंड करंट डीपीवर येतो आणि रोहित्र जळते. मग आठ-दहा दिवस सगळ्यांचेच पाणी बंद. दुसरा तोटा जिवाचा. लाइट नाही म्हणून कोणी स्टार्टर उघडून बसला असेल, तर लाइट परत येताच कोणी बटण न दाबता मोटर सुरू होते. वर सांगितलेली ‘ग्रिपा खिशात’ ही रीत याच क्षणासाठी आहे.

ऑटो स्विच काढून त्याऐवजी योग्य मापाचा कपॅसिटर बसवावा, असे महावितरण वारंवार सांगते. पाच हॉर्सपॉवरला साधारण दोन केव्हीएआरचा लागतो. त्याने डीपीवरचा भार हलका होतो आणि व्होल्टेजही काही अंशी सावरते. पण कपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ आपल्यात वीज साठवून ठेवतो. मोटर बंद करून किमान एक मिनिट थांबावे आणि डीसी व्होल्टवर मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये.

सौर पंप बसवलेल्या सभासदांसाठी एक शब्द. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे असे पंप वाढत आहेत. पॅनलची वीज डीसी असते, ती मोजायला बटण डीसीवर हवे. एसीवर ठेवून शून्य दिसले म्हणून वीज नाही असे समजू नये. आणि पॅनलला मेन स्विच नसतो. ऊन आहे तोवर पॅनलमधून येणाऱ्या वायरीत वीज असतेच.

खर्च कोणाचा, फायदा कोणाचा

२०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज मिळते. चांगलेच झाले. पण त्यामुळे विजेकडे पाहायचे आपण सोडून दिले तर ते परवडणार नाही. वीज फुकट झाली आहे, वाइंडिंग फुकट झालेले नाही. मोटर वर काढण्याची मजुरी, वाइंडिंग, गाडीभाडे आणि वाळलेला ऊस यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. एक चांगला मीटर दोन-तीन हजारांत येतो.

प्रत्येकाने तो घ्यावाच असेही नाही. एका डीपीवर जितके सभासद आहेत तितक्यांनी मिळून एक मल्टिमीटर आणि एक क्लॅम्प मीटर घ्यावा. गावातला एखादा आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी पाहून ती जबाबदारी त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोपवावी आणि कामाचे दाम द्यावे. शहापूर, मुरबाड काय किंवा आपला तालुका काय, वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतलेली मुले आता गावोगाव आहेत. त्यांना काम गावात मिळाले तर ती गावात राहतील.

आणि एक शंभर पानी वही ठेवावी. मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, तारीख घालून आकडे लिहावेत : तीन फेजांचे व्होल्ट, तीन फेजांचे करंट, घरातल्या सॉकेटचे तीन आकडे. गेल्या वर्षी निळीचा करंट साडेसात होता आणि यंदा नऊ झाला, हे वही सांगेल, आठवण सांगणार नाही. डीपीवर तीन फेज सारख्या येत नाहीत अशी तक्रार करायला गेलो तर “लाइट बरोबर नाही, साहेब” या वाक्याला कोणी विचारत नाही. “अमुक तारखेला ४०५, ३९५, ३४०” या आकड्यांना उत्तर द्यावे लागते. ऊस आपण काट्यावर मोजून घालतो, किलोभर फरक पडला तरी बोलतो. वीजही तशीच मोजून घ्यायला शिकू या. मृगाला जे दिवस उरले असतील त्यात पहिली नोंद होऊ द्या.